कापलेला कोपरा

बोदिजाच्या बाजारात मी मिरच्या निवडत होते, तेव्हा एका बाईने भर चिखलात माझ्यापुढे गुडघे टेकले. मोठ्या माणसाला भेटलं की गुडघा वाकवायचा हे खरं, पण चिखल असला की आम्ही सगळ्याजणी नुसतं टेकल्यासारखं करतो. हिने नेसूच्या कापडासकट टेकले. "आंटी, ओळखलं नाहीत ना? मी फोलुके, शिवणवाली. तुम्ही मला तो कागद दिला होतात." कागद मी कितीतरी जणींना दिले होते, त्यामुळे मी तोंडदेखलं हसले. "अहो, पाच वर्षं झाली. तुम्ही म्हणालात, जा, पोटातलं बाळ ठणठणीत आहे, घरी जाऊन पोटभर जेव. मी तिथेच रडले, तुमचा पांढरा कोट ओला केला. ही बघा ती. ओपे, उतर, आंटीला नमस्कार कर." तिच्या पाठीला कापडाने बांधलेली मुलगी खाली उतरली. पाठीवर बांधायचं तिचं वय राहिलं नव्हतं. पाय फोलुकेच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. नमस्काराला तिने गुडघे वाकवले आणि दुखल्यासारखी मध्येच थांबली. मग वर पाहिलं. डोळ्यांतलं पांढरं पिवळं होतं. एका हाताची बोटं सुजून गुळगुळीत झाली होती. मला आणखी काही बघायची गरज नव्हती. हे सगळं मी एकदा, सहा वर्षं, रोज बघितलेलं होतं.

"आज चालवत नाही म्हणते," फोलुके सांगत होती. "हा मेला मलेरिया हात धुवून हिच्या मागे लागलाय. दर महिन्याला ताप, दर महिन्याला हातपाय दुखणं. परवा दवाखान्यातला नवा डॉक्टर म्हणाला, ते रक्ताचं तपासून घेऊ, ते वाकड्या पेशींचं. मी म्हटलं, डॉक्टर, ते सोडून काय हवं ते तपासा. माझ्याकडे कागद आहे, जन्माच्या आधीचा, प्रोफेसरांच्या सहीचा. तेव्हा कुठे गप्प बसला." ती हसली. मीही हसले असावे. मिरचीवाली म्हणाली, "सिमीची आई, मिरच्या घ्यायच्यात की नुसत्या कुरवाळायच्यात?" मी घेतल्या. "हिचं नाव ओपेमिपो ठेवलं," फोलुके म्हणाली, "माझे आभार काही संपत नाहीत म्हणून. त्यातले अर्धे तुमचे. या ना एकदा घरी, मोकोलाला, पाण्याच्या टाकीमागे. कुणालाही विचारा, ओपेच्या आईचं शिलाईचं दुकान." मी येते म्हणाले. तिने मुलीला पुन्हा पाठीवर घेतलं, कापडाची गाठ छातीशी मारली आणि कांद्याच्या ढिगांमधून निघून गेली.

मला काही झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा वेळी बायकांना काहीतरी होतं असं मी ऐकत आले आहे. पाय लटपटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी सुटे पैसे परत घेतले आणि केळी बघायला गेले. सिमी गेली तेव्हाही असंच. माझी बहीण हॉस्पिटलच्या फरशीवर लोळून रडत होती, माझा नवरा जिदे भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि मी नर्सला विचारत होते की उशी आमची आहे, ती घेऊन जाऊ ना. सहा वर्षांची होती. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांमध्ये अडकून बसतात, त्या दिवशी मेंदूजवळ अडकल्या. लोकांनी मला फार धीराची म्हटलं. धीर वगैरे काही नव्हता, मी बधिर होते, आणि बधिर माणसाला फार काम करता येतं. पंधरा दिवसांत मी प्रयोगशाळेत परत गेले. आमच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे माझं काय करावं हे कुणालाच कळेना. मेलेल्या मुलीच्या नावाने हाक मारायची तरी पंचाईत, न मारायची तरी पंचाईत. प्रयोगशाळेतल्यांनी आंटी म्हणायला सुरुवात केली आणि सगळे सुटले. बाजारातल्या म्हाताऱ्या तेवढ्या अजून सिमीची आई म्हणतात. त्यांना बहुतेक ठाऊकच नाही.

केळी न घेता मी प्रयोगशाळेत गेले. शनिवार होता, पहारेकऱ्याने किल्ली दिली आणि मिरच्यांच्या पिशवीकडे बघून "स्वयंपाक इथेच करणार का मॅडम?" असं विचारलं. आता तिथे किरणोत्सर्गी काही वापरत नाहीत. नवं यंत्र आलं आहे, एका दुपारीत उत्तर देतं. उणे सत्तरचा जुना फ्रीझर बंद पडला तेव्हा आमचे प्रमुख प्रोफेसर आकिनवांडे म्हणाले, टाकू नका, कपाट करा. तेव्हापासून माझ्या जुन्या वह्या त्या फ्रीझरमध्येच असतात. एकोणीसशे एक्याण्णवची वही मला हात घालताच सापडली. ती मी तेव्हाच उघडली नाही. पिशवी टेबलावर ठेवली, हात धुतले, जुन्या सवयीने दोनदा धुतले.

आमचं काम सांगायला सोपं होतं. गर्भाभोवतीच्या पेशींमधून जनुकांचं द्रव्य काढायचं, आईबापाच्या रक्तातूनही काढायचं, आणि ते जेलीच्या एका चपट्या वडीत वरच्या कडेच्या खाचांमध्ये भरायचं. विजेचा प्रवाह सोडला की ते रांगांनी खाली सरकतं. मग ती वडी कागदावर ठेवून पंपाने हवा ओढून वाळवायची, इतकी की तिचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पापुद्रा होतो. हा पापुद्रा सोडवून एका खुणेच्या द्रावणात बुडवायचा. ती खूण म्हणजे किरणोत्सर्गी फॉस्फरस लावलेला जनुकाचा बारीकसा तुकडा; तो निरोगी जनुकालाच चिकटतो, बाकीचा धुऊन जातो. पापुद्रा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा, अंधारात त्याच्यावर क्ष-किरणांची फिल्म ठेवायची, पोलादी पेटीत बंद करून फ्रीझरमध्ये टाकायचं आणि दोन दिवस गप्प बसायचं. जिथे खूण चिकटली तिथे फिल्म काळी पडते. मग पापुद्रा धुऊन तोच खेळ दुसऱ्यांदा, या वेळी आजारी जनुकाला चिकटणारी खूण. पहिल्या फिल्मवरच रेघ आली तर मूल निरोगी. दुसरीवरच आली तर सिमीसारखं. दोन्हींवर आली तर माझ्यासारखं आणि जिदेसारखं, स्वतः धडधाकट आणि पुढच्याला देणारं. मला हे काम आवडायचं. त्या पापुद्र्यात जे असतं ते दिसत नाही, हाताला लागत नाही, वास येत नाही. फक्त फिल्मला कळतं, तेही अंधारात आणि थंडीत वाट बघितली तर. सिमी गेल्यानंतरची दोन वर्षं मी या वाट बघण्यावर काढली. घरी कुणी माझी वाट बघत नव्हतं असं नाही, पण जिदेची वाट बघायची तऱ्हा वेगळी, तो विचारायचा.

पापुद्र्याची एक अडचण असते. त्याला उलटं-सुलटं नाही. पाण्यात तरंगताना तो पालथा झाला तर डावीकडची रांग उजवीकडे जाते आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून वाळवायच्या आधीच पहिल्या रांगेच्या बाजूचा खालचा कोपरा कात्रीने तिरका कापायचा. हा आमचा कायदा. पुढे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळताना त्या कोपऱ्याशेजारी किरणोत्सर्गी शाईचा ठिपका लावायचा, म्हणजे फिल्मवर काळा ठिपका उमटतो आणि मोजायला कुठून सुरुवात करायची ते समजतं. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे शिकवलं आहे. कोपरा कापला का? हे मी इतक्यांदा विचारलं आहे की माझी पाठ वळली की पोरं माझ्या आवाजात एकमेकांना विचारायची.

एक्याण्णवच्या ऑगस्टमध्ये मला दिवस गेले होते. जिदे सोडून मी कुणाला सांगितलं नव्हतं. क्लिनिकमधल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी नमुना काढून दिला, त्यावर नावाऐवजी नंबर घातला, आणि मी तो माझ्याच हाताने, त्या आठवड्यात आलेल्या एका शिवणवालीच्या नमुन्याबरोबर, एकाच जेलीत भरला. सहा रांगा होत्या. कडेच्या रांगा वाकड्या धावतात, मधल्या सरळ. म्हणून मी दोन्ही बाळं मध्ये घेतली. शिवणवाली, तिचा नवरा, तिचं बाळ. मग माझं बाळ, जिदे, मी. मला ती मांडणी फार आवडली होती. दोन्ही बाजूंना आईबाप आणि मध्ये लेकरं, ऊब दिल्यासारखी. चारही मोठी माणसं दोन्ही फिल्मवर काळी उमटणार हे ठरलेलंच होतं, म्हणजे जेली डावीकडून बघा नाहीतर उजवीकडून, कडा सारख्याच. फरक पडणार होता तो मधल्या दोघांत. हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणणं खोटं होईल. सुचलं होतं. कोपरा कापलाय ना, मग झालं, असं मी मनात म्हटलं.

वाळवताना लाइट गेली. पंप थांबला. पूर्ण वाळायच्या आत हवेची ओढ सुटली की जेली तडकते, म्हणून झाकण उघडायचं नसतं, लाइट यायची वाट बघायची असते. मी उघडलं. दुसऱ्या कुणी उघडलं असतं तर मी त्याला महिनाभर सुनावलं असतं. टच् असा आवाज आला आणि उजवीकडचा खालचा कोपरा, माझ्या स्वतःच्या रांगेखालचा, तुकडा होऊन कागदावर पडला. रांगांना धक्का लागला नव्हता. तडा पुढे जाऊ नये म्हणून मी ती फुटकी कड कात्रीने सरळ करून टाकली. आता दोन कोपरे कापलेले होते. वहीत लिहायला हवं होतं. मला आठवेल असं वाटलं, माझ्यासारखीला न आठवायला काय झालं? दुसऱ्या दिवशी पापुद्रा तबकात तरंगत होता, मळमळत होतं, आणि मी त्यातला मोठा, नीट दिसणारा कोपरा निवडला आणि त्याच्या शेजारी ठिपका लावला.

अंधाऱ्या खोलीच्या लाल दिव्याखाली तबकात फिल्म हलवताना रेघा हळूहळू वर येतात. पहिली फिल्म: ठिपक्यापासून तिसरी रांग काळी, चौथी कोरी. पुढच्या आठवड्यात दुसरी: तिसरी कोरी, चौथी काळी. शिवणवालीचं निरोगी, माझं सिमीसारखं. मी फिल्म धुतली, टांगली, खाली ठिबकणारं पाणी पुसून घेतलं. नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी, नावं न बघता, पुन्हा वाचायला हवी होती. प्रोफेसर आकिनवांडे म्हणाले, "तुझे डोळे असताना माझे म्हातारे डोळे कशाला?" आणि सही केली. मी खूश झाले. त्या दिवशीसुद्धा खूश झाले, हे मला नीट आठवतं.

घरी जिदे भूगोलाचे पेपर तपासत बसला होता. सांगितल्यावर त्याने लाल पेन झाकण लावून बाजूला ठेवलं. "पुन्हा एकदा करून बघ ना, निके," तो म्हणाला. "नमुना उरलाय ना?" नमुना उरला होता. बोटाच्या पेराएवढ्या नळीत, फ्रीझरमध्ये. "मी तुला भूगोल शिकवते का?" मी म्हणाले. "नाही." "मग मला माझं काम शिकवू नकोस. माझ्या हातून चुका होत नाहीत." तो म्हणाला, "चूक म्हणत नाही मी. नुसतं अजून एकदा." मी जेवायला वाढलं. मला आणखी आठ दिवस वाट बघायची नव्हती, हे खरं कारण. सिमीनंतर आशा बाळगायची माझ्यात ताकद नव्हती, आणि कोरी रांग बघितल्यावर मला आतून हायसं वाटलं होतं, सगळं ठरून गेल्यासारखं. पुढच्या मंगळवारी एका खासगी दवाखान्यात जे करायचं ते झालं. परत येताना टॅक्सीत जिदेने माझा हात धरला होता आणि मी काचेतून दुकानांच्या पाट्या वाचत होते. त्यानंतर आम्ही मूल होऊ दिलं नाही. त्या विषयावर कधी बोलणं झालं असंही नाही. तेव्हापासून तो काही विचारतही नाही.

शेवटी मी वही उघडली. पापुद्रा प्लॅस्टिकसकट पानाला चिकटवलेला होता, पिवळा पडलेला, कडेने किंचित वळलेला, आणि त्याच्यामागे दोन्ही फिल्म. सवयीने मी किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्राचा जुना डबा काढून त्यावर फिरवला. फॉस्फरस चौदा दिवसांनी अर्धा होतो, मग पुन्हा अर्धा. पाच वर्षांनी उरायचं काय? यंत्र आपलं हवेतलं, भिंतीतलं, कशातलंही टिकटिक करत राहिलं. दिव्याच्या काचेवर मी पापुद्रा ठेवला, शेजारी फिल्म ठेवली आणि भिंग घेतलं. वरच्या खाचा स्पष्ट होत्या. खाली दोन कापलेले कोपरे. एक लहान. एक मोठा, सरळ, आणि त्याच्या टोकातून केसाएवढा बारीक तडा पापुद्र्यात एक बोटभर आत गेलेला. मी कापून टाकला असं मला वाटलं होतं तो तडा. शाईचा ठिपका त्याच्या शेजारी होता. मी फिल्म उचलली, पालथी केली आणि पुन्हा ठेवली. त्याला दोन सेकंदही लागले नाहीत. डावीकडून तिसरी रांग आजारी, चौथी निरोगी. तिसरी रांग आज सकाळी बाजारात माझ्यापुढे अर्धा गुडघा वाकवून थांबली होती.

चौथ्या रांगेचा विचार करायला मी बसले आणि जमलं नाही. तिथे विचार जाईचना. हात टेबलावर होते, ते मला टेबलासारखेच वाटत होते. मी मिरच्या पिशवीतून काढून मोजल्या, एकेक पुसली, पुन्हा भरल्या. मुलगा की मुलगी हे त्या जेलीत कळत नसतं. एवढंच मनात आलं, आणि पुन्हा पुन्हा आलं. मग मी कामाचा विचार केला, कारण तो जमतो. मुलीचं रक्त ताबडतोब तपासायला हवं, रोजची औषधं सुरू व्हायला हवीत. तापात पाणी कमी पडलं तर अशी मुलं दोन दिवसांत जातात, आणि हिच्या आईच्या हातात माझा कागद आहे, तोवर ती कुठल्याही डॉक्टरचं ऐकणार नाही. तो कागद ज्याने दिला त्यानेच परत घ्यायला हवा. अर्थात खोटं बोलता आलं असतं. नवं यंत्र आलंय, जुन्या सगळ्यांची पुन्हा फुकट तपासणी करतोय, असं म्हटलं असतं तर ती आनंदाने आली असती, केक घेऊन आली असती. यंत्र चुकलं म्हणता आलं असतं. ही वाक्यं मी घरी जाताना मनात नीट रचली. एकही वाक्य अडखळलं नाही, याचंच मला थोडं नवल वाटलं.

जिदेने दार उघडलं, पिशवी घेतली. "एवढ्या मिरच्या? कुणाला जेवायला बोलावलंयस?" मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. त्याच्या भुवया पिकल्या होत्या, हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. "उद्या प्रार्थना झाली की मला मोकोलाला जायचंय," मी म्हणाले. "आल्यावर तुला एक सांगायचंय. तू म्हणाला होतास ते." "मी काय म्हणालो होतो?" "आल्यावर," मी म्हणाले. जेवताना त्याने स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा माझ्या ताटात ठेवला, सिमीला ठेवायचा तसा.

मोकोलाला पाण्याच्या टाकीमागे कुणाला विचारायची गरज पडली नाही. शिलाईच्या यंत्राचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. रविवारीही काम होतं, कुणाच्यातरी लग्नाचे एकसारखे वीस पोशाख दोरीवर लटकत होते. फोलुकेने धावत येऊन खुर्ची पुसली, माल्टच्या थंडगार गोड पेयाची बाटली उघडून हातात दिली. ओपे चटईवर चिंध्या घेऊन बसली होती, पाय लांब करून. ताप होताच. मी बाटली खाली ठेवली आणि रचलेली वाक्यं तोंडात घेतली. निघाली नाहीत. "फोलुके," मी म्हणाले, "तुझ्याकडे जो कागद आहे तो खोटा आहे."

ती हसली. मग हसायची थांबली. "कागद चुकला?"

"कागद नाही. मी चुकले. वाचताना बाजू उलटी धरली. ओपेला मलेरिया नाहीये. तिला ते रक्ताचं आहे, जे नाही म्हणून मी तुला सांगितलं. आज तिला हॉस्पिटलात न्यायला हवं."

फोलुकेने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चार वर्षं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढत गेला. "चार वर्षं मी तिच्या घशात त्या कडू गोळ्या कोंबतेय! पाय दुखतात म्हणाली की मी म्हणते, नाटकं करू नकोस, चाल! मारलंय मी तिला आंटी, चालत नाही म्हणून मारलंय! आणि तुमच्यासाठी दर रविवारी प्रार्थना केली, तुमच्या हातांसाठी!" शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, फोलुकेने तिच्या तोंडावर दार लावलं. मग ती यंत्राच्या स्टुलावर बसली. पायाखालची पट्टी तिच्या भाराने एकदा हलली, सुई कापड नसताना खाली जाऊन वर आली. मी गेले नाही, कारण जायचं कसं हे मला सुचत नव्हतं.

"बाजू उलटी धरलीत म्हणजे," ती हळूच म्हणाली, "माझ्या मुलीचा कागद दुसऱ्या कुणालातरी गेला. त्या बाईला तुम्ही काय सांगितलंत? आजारी आहे म्हणून? तिने मग काय केलं? ठेवलं?"

"नाही."

"देवा." तिने डोक्यावरचा रुमाल सोडून हातात घेतला. "तिला सांगितलंत? कोण आहे ती? तिला सांगायला पाहिजे, आंटी, असं नाही चालत, माझ्या आधी तिला सांगायला पाहिजे होतं! कुणाचं होतं ते बाळ?"

"माझं," मी म्हणाले.

हा शब्द त्या बाळासाठी मी याआधी कधी वापरला नव्हता. मनातसुद्धा मी त्याला नंबरनेच ओळखत होते. फोलुके माझ्याकडे बघत राहिली. तिचा राग गेला नव्हता, तो तसाच तोंडावर होता, पण तो घेऊन कुठे जावं हे तिला कळेना. शेवटी ती उठली, चटईवरून ओपेला उचललं आणि काही न विचारता माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा हिला," ती म्हणाली. "मी चपला घालते. आणि नीट धरा, डावा पाय दुखतो तिचा." आत जाऊन ती भांड्यांचा, पिशव्यांचा आवाज करत राहिली, मध्येच तो आवाज थांबायचा.

मुलगी जड होती. सिमी एवढी जड कधी नव्हती. तिचं अंग तापलेलं होतं आणि ती ऊब कापडातून माझ्या पोटापर्यंत आली, ती मला लागली, चांगलीच लागली. तिने सुजलेला हात माझ्या मनगटावर ठेवला आणि माझ्याकडे वर बघितलं, शेजारणीकडे आलेल्या कुठल्याही बाईकडे आमची मुलं बघतात तसं.

"आंटी, तुम्ही कुणाच्या आई?"

"सिमीची," मी म्हणाले. आतला आवाज पुन्हा थांबला होता. "आणि अजून एक होतं. त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं."